मखत्राता की मुखत्राता?

इंदूरच्या मराठी घरांत दिवेलागणीला ‘शुभं करोति’नंतर रामरक्षा होते. ती म्हणणारी मुलं दिवसभर शाळेत हिंदी बोलतात, त्यामुळे काही चुका इथल्या खास आहेत. काही मात्र पुण्या-मुंबईतही तितक्याच जोमानं होतात.

रामरक्षेचे ३८ श्लोक. त्यातलं प्रत्यक्ष कवच, म्हणजे एकेक अवयव राखण्याची प्रार्थना, फार थोडं आहे: चौथ्या श्लोकाच्या दुसऱ्या ओळीपासून नवव्याच्या शेवटापर्यंत, म्हणजे जेमतेम साडेपाच श्लोक. आधीचं सगळं ध्यान आणि प्रस्तावना, नंतर फलश्रुती आणि स्तुती. पाठ करवताना सुरुवात या साडेपाच श्लोकांपासूनच करावी.

त्यांची रचना एकदा कळली की विसरायला होत नाही. शरीर डोक्यापासून पायांकडे उतरतं आणि त्याच वेळी रामायण पुढे सरकतं. डोकं राघव राखतो, कपाळ दशरथाचा मुलगा, डोळे कौसल्येचा, कान विश्वामित्राचा लाडका. धनुष्य मोडणारा बाहूंवर, सीतापती हातांवर, परशुरामाला जिंकणारा हृदयावर. गुडघ्यांवर सेतू बांधणारा, पावलांपाशी विभीषणाला राज्य देणारा. भरत जरा लवकर येतो आणि जांबवान सुग्रीवाच्या आधी, पण एरवी अडलं तर ‘कथा कुठवर आली?’ एवढं विचारलं तरी मूल पुढची ओळ पकडतं.

आता चुका. ‘घ्राणं पातु मखत्राता’. मख म्हणजे यज्ञ. विश्वामित्रांचा यज्ञ राखणारा तो मखत्राता. सर्रास ‘मुखत्राता’ म्हटलं जातं, कारण पुढचाच शब्द ‘मुखं’ आहे. ‘भग्नेशकार्मुकः’ म्हणजे भग्न, ईश, कार्मुक: शंकराचं धनुष्य मोडणारा. ‘भग्ने’पाशी श्वास घेतला की उरतो ‘शकार्मुक’, ज्याला काही अर्थच नाही. ‘रक्षःकुल’ मधला विसर्ग गिळला की राक्षसांच्या कुळाचा नाश करणाऱ्या रामाकडे रक्षक-कुळाचा नाश आल्यासारखं ऐकू येतं! आणि ‘विभीषणश्रीदः’ हा एकच शब्द आहे. ‘विभीषणः श्रीदः’ असं तोडलं तर पाय विभीषणाच्या हवाली होतात.

इंदुरी चूक औ-ची. हिंदीच्या सवयीनं ‘कौसल्येयो’चं ‘कॉसल्येयो’ आणि ‘सौमित्रि’चं ‘सॉमित्रि’ होतं. मराठी ‘अउ’ इथे संस्कृतला जवळचा, तो सोडू नये. ‘हृदयं’ मात्र हिंदीत ‘ह्रिदय’ आणि आपल्यात ‘ह्रुदय’. दोघंही सारखेच चुकतो. तेविसाव्या श्लोकातल्या ‘यज्ञेशः’चंही तेच: तिकडे ‘यग्येश’, इकडे ‘यद्न्येश’. म्हणून हिंदीवाल्या शेजाऱ्यांना हसू नये.

काही जण अवयवाला हात लावत, न्यासासारखं म्हणतात. चांगली पद्धत आहे, लहान मुलांना तर फारच आवडते. फक्त ‘जङ्घे’ आलं की हात मांडीवर जातो, कारण आपली आणि हिंदीची जांघ वर असते. संस्कृतातली जंघा गुडघ्याखालची, घोट्यापर्यंतची. क्रमच सांगतो: आधी ‘ऊरू’ म्हणजे मांड्या, मग ‘जानुनी’ म्हणजे गुडघे, मग जंघा, मग पाय. गुडघ्यावरून हात पुन्हा वर नेला तर तेवढ्यापुरता क्रम मोडतो.

संपूर्ण पाठाला सावकाश म्हटलं तर दहा-बारा मिनिटं लागतात. गुढीपाडव्यापासून रामनवमीपर्यंत रोज १३ पाठ करण्याची प्रथा काही घरांत आहे. हिशेब केला तर रोजचे दोन तासांहून जास्त. व्यवहारात ते एका तासात उरकतात आणि विसर्ग पहिल्या दिवशीच गळतात. माझं मत विचाराल तर रोज एकच पाठ करावा, पण ओळ मधे न तोडता.

घाईची खरी परीक्षा ३७व्या श्लोकात. ‘रामो राजमणिः’ मध्ये राम शब्दाच्या सातही विभक्ती आणि शेवटी ‘भो राम’ हे संबोधन ओळीनं येतात. वृत्त शार्दूलविक्रीडित: चरणात १९ अक्षरं, यती म्हणजे मधला थांबा बाराव्यावर. अनुष्टुभाची आठ-आठ अक्षरांची चाल अंगात भिनलेली असते, त्यामुळे इथे पाय अडखळतो. सर्वांत जास्त घसरतं ते ‘रामान्नास्ति’वर. रामात् आणि नास्ति यांची ही संधी, पंचमी: रामाहून श्रेष्ठ आसरा नाही. न्न सैल सोडला की होतं ‘रामा नास्ति’, म्हणजे ‘रामा, नाही’.