टोमॅटोला चालतं, टेबलावर नाही

मागच्या शनिवारी शेजाऱ्यांकडे जेवायला गेले होते. दिजोंला, म्हणजे बर्गंडी वाइनच्या मुलखात, येऊन मला आठ महिने झाले. त्याआधी चार वर्षं बोर्दोत काढली, तेव्हा फ्रेंच घरी रिकाम्या हातानं जायचं नाही एवढं कळतं. बोर्दो सोडताना घेतलेली मेदोकची, म्हणजे तिथल्याच द्राक्षपट्ट्यातली, एक बाटली जपून ठेवली होती, तीच नेली. बाईंनी कागद काढलाही नव्हता. नुसत्या आकारावरून म्हणाल्या, "आ, बोर्दो!" (बोर्दोच्या बाटलीचे खांदे ताठ, बर्गंडीच्या बाटलीचे उतरते.) गोड हसल्या, आभार मानले आणि बाटली फ्रिजवर ठेवून दिली. दिवाळीत आलेला सोनपापडीचा डबा आपल्याकडे जिथं जातो, बरोब्बर तिथं.

जेवताना उघडली ती त्यांची, इथल्याच जव्हरे-शांबरतां गावची. आता मी काही जाणकार नाही. तासगावच्या आमच्या घरात आजही वाइन म्हणजे दारूच, आणि द्राक्षाचा शेवट एक तर पेटीत नाही तर बेदाण्याच्या शेडमध्ये. पण चार वर्षांत जिभेला वळण लागतं. मेदोकच्या वाइनचा पहिला घोट कच्च्या सुपारीसारखा जिभेला आवळतो, मग हळूहळू काळ्या फळांची चव उतरते. ही जव्हरेची पातळ, रंग कोकम सरबताच्या जवळचा, ग्लासातून पलीकडची बोटं दिसत होती. वास चेरीचा आणि मागून पावसात भिजलेल्या पालापाचोळ्याचा. चांगली होती. खोटं कशाला बोलू, फार चांगली होती. पण माझी बाटली फ्रिजवरून माझ्याकडे बघत होती, त्यामुळे मी "छान आहे" एवढंच म्हणाले.

मग त्या घरातल्या आजोबांचं सुरू झालं. बोर्दोवाले द्राक्षाच्या जाती मिसळतात, आम्ही मिसळत नाही. इथं लाल म्हणजे पिनो न्वार, बस्स. 1395 मध्ये इथल्या ड्यूक फिलिपनं गामे नावाची जात उपटून टाकायचं फर्मान काढलं होतं, ते आजोबा काल घडल्यासारखं सांगतात. मी म्हटलं, मिसळण्यात कमीपणा कसला? मेर्लो लवकर पिकते, काबर्ने सोव्हिन्यों उशिरा. एकीला पावसानं गाठलं तर दुसरी तारते. आपल्याकडे ज्वारीत तूर टाकतात तोच हिशेब. त्यात मेदोकच्या गोट्यांच्या जमिनीत काबर्ने जमते, तर नदीपलीकडे पोमरोलच्या चिकणमातीत मेर्लो. हा शेतकऱ्याचा शहाणपणा आहे, भेसळ नाही. हे सगळं माझ्या फ्रेंचमध्ये कितपत पोचलं देव जाणे. आजोबांनी मान हलवली आणि माझा ग्लास पुन्हा भरला.

खरं सांगायचं तर बर्गंडीचं एक मला मनापासून आवडतं, पण ते त्या टेबलावर मी बोलले नाही. बोर्दोत मान असतो शातोला, म्हणजे वाइन करणाऱ्या मळ्याच्या नावाला. 1855 च्या पॅरिसच्या प्रदर्शनासाठी मेदोकच्या शातोंची जी प्रतवारी लावली ती आजही चालते. 1973 मध्ये मुतों-रोथशिल्ड दुसऱ्या प्रतीतून पहिल्यात गेली, तेवढाच काय तो मोठा बदल. अशा शातोनं गावातला शेजारचा तुकडा विकत घेतला, तर त्याच्याही द्राक्षांना शातोची प्रत लागू शकते. बर्गंडीत मान जमिनीला. मालक कुणीही असो, तुकड्याची प्रत तीच. उतारावरच्या अशा 1,247 तुकड्यांना नावं आहेत आणि 2015 पासून ते युनेस्कोच्या यादीत आहेत. आपण नाही का म्हणत, चिंचेखालचं रान, वरची पट्टी, तसंच.

क्लो द वूजो या इथल्या जुन्या द्राक्षमळ्यात गेले तेव्हा तिथली दगडी भिंत व्हिडिओ कॉलवर तासगावला आबांना दाखवली होती. मठातल्या साधूंनी घातलेली. आत सुमारे 50 हेक्टर, म्हणजे सव्वाशे एकर. फ्रेंच क्रांतीनंतर ही जमीन चर्चकडून गेली, मग विक्री आणि वाटण्या होत होत आज ऐंशीच्या आसपास मालक. काहींच्या वाट्याला द्राक्षाच्या चार ओळी.

"सव्वाशे एकराच्या उताऱ्यावर ऐंशी नावं?" आबा म्हणाले. "मग बांधावरनं कोर्टात कितीजण हायती?"

आमची बाग आता भाऊ बघतो. मी शिकले आणि निघून आले, याबद्दल घरात कुणी एक शब्द काढत नाही. शातो वाटण्या टाळायला कंपन्या काढतात, आमच्याकडे एकानं परदेशी जायचं असतं. असं मी स्वतःला सांगते.

असो. जेवणानंतर आजोबा परसातले टोमॅटो दाखवायला घेऊन गेले. बघते तर पानांवर निळसर पांढरे डाग. तो रंग मी ओळखणार नाही तर कोण? ऑक्टोबर छाटणीनंतर आबांच्या शर्टाच्या बाह्यांवर असायचा, धुऊनही जात नसे. "हे काय मारलंय?" मी विचारलं.

"बुई बोर्दलेज," आजोबा म्हणाले. बोर्डो मिश्रण!

मी इतकी हसले की बाई आतून धावत आल्या. मोरचूद आणि चुना. मेदोकचे शेतकरी वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर शिंपडायचे. नेमक्या त्याच वेलींवर डाऊनी हा द्राक्षाचा रोग नाही, हे 1882 मध्ये मिलार्दे या बोर्दोच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं आणि 1885 मध्ये त्यानं ते जगाला सांगितलं. तासगावच्या पोराला फ्रान्स नकाशावर सापडत नाही तेव्हापासून बोर्डो माहीत असतं. मी आजोबांना म्हटलं, टेबलावर बोर्दो चालत नाही आणि टोमॅटोला चालतं? वर हेही सांगितलं की चुन्याऐवजी धुण्याचा सोडा घातला की त्याला बर्गंडी मिश्रण म्हणतात. ते त्यांनी ऐकलंच नव्हतं. जरा वाईट वाटलेलं दिसलं.

रविवारी दुपारी कुंपणापाशी उभं राहून आबांना फोन लावला. आजोबांनी निळ्या पावडरचा डबा कॅमेऱ्यापुढे धरला. चुना कंपनीनंच घातलेला असतो, मी सांगितलं.

"डब्यावरचं खरं असतंय व्हय?" आबा म्हणाले. "शंभर लिटरला किलो मोरचूद, किलो चुना. आणि विळा बुडवून बघा म्हणावं."

विळा दिजोंत कुठला? आजोबांनी छाटणीचा जुना, गंजका चाकू आणला, पातं घासलं आणि बादलीत बुडवलं. तांबूस थर चढला तर चुना कमी. तिघंही गप्प राहून त्या पात्याकडे बघत होतो, एक जण तासगावातून. पातं होतं तसंच वर आलं.

"बरोबर हाय," आबा म्हणाले. "आता पानाच्या खालनं मारा म्हणावं."