मॉडेल १८८४ ट्रॅपडोअर: नळीचे माप, मऊ शिसे आणि २०० यार्ड

माझी स्प्रिंगफिल्ड मॉडेल १८८४, म्हणजे झाकणासारखा ब्लॉक वर उघडून मागून काडतूस भरायची अमेरिकी सैन्याची जुनी ‘ट्रॅपडोअर’ रायफल, आता १०० यार्डांवर पाच गोळ्या चार इंचांच्या आत ठेवते. याआधी हाच पसारा दहा इंचांच्या वर होता. बंदूक तीच आहे, बदलली ती गोळी आणि दारू. ४५-७० काडतुसाची (०.४५ इंच व्यासाची गोळी आणि ७० ग्रेन, म्हणजे सुमारे साडेचार ग्रॅम, काळी दारू) जुनी ट्रॅपडोअर बाळगणाऱ्या बहुतेकांची अडचण इथेच असते, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी नळी मोजली. मऊ शिशाचा तुकडा तेल लावून नळीतून ठोकत नेला आणि बाहेर काढून मापला. या रायफलीच्या नळीत गोळीला फिरकी देणाऱ्या तीनच खाचा असतात, २२ इंचांत एक फेरा घेणाऱ्या. खाचांची संख्या विषम असल्याने एका खाचेसमोर दुसरी खाच येत नाही आणि साधा मायक्रोमीटर माप कमी दाखवतो. व्ही आकाराच्या बैठकीचा मायक्रोमीटर मिळवला तर खरा आकडा कळतो. माझ्या नळीचा आला ०.४६२ इंच.

आता मूळ हिशेब पाहा. नळीचा व्यास ०.४५० आणि प्रत्येक खाच ०.००५ खोल, म्हणजे खाचांच्या तळाशी ०.४६०. दुकानात मिळणारी ४५-७० ची गोळी मात्र ०.४५८ ची. मग १८८० च्या दशकातल्या शिपायाचे काम कसे भागत होते? काळ्या दारूमुळे. ती भडकन पेटते, मऊ गोळीच्या बुडाला दणका बसतो, गोळी फुगते आणि खाचा भरून काढते. कडक गोळी आणि सावकाश दाब चढवणारी बिनधुराची दारू एकत्र आली की हे होत नाही. गरम वायू बाजूने निसटतो, शिसे नळीला चिकटते आणि गोळ्या विखुरतात.

म्हणून वीस भाग शिसे, एक भाग कथील असे मिश्रण वितळवून ०.४६२ च्या साच्यात गोळ्या ओतल्या. वजन ४०५ ग्रेनच्या आसपास. वंगण मधमाश्यांचे मेण आणि बोकडाची चरबी. काळी दारू २एफ, म्हणजे मध्यम दाण्याची, ७० ग्रेन. आजच्या पितळी काडतुसाचे बूड जाड असते, त्यामुळे जुन्या दुमडलेल्या बुडाच्या काडतुसाइतकी जागा त्यात नसते. लांब पितळी नळीतून दारू हळूहळू सोडली, वर पुठ्ठ्याची चकती ठेवून दाबली, तेव्हा ७० ग्रेन बसले. काळ्या दारूच्या काडतुसात गोळीखाली पोकळी अजिबात ठेवू नका, नळी फुगू शकते.

दोन बारांच्या मध्ये ब्लॉक उघडून मागच्या बाजूने फुंकनळीने दमट श्वास सोडतो. काजळी मऊ राहते, आणि माझ्या मते एवढ्यानेच गोळ्यांचा पसारा निम्मा होतो.

बफिंग्टन साईट, म्हणजे नळीवरची मागची नेमपट्टी, मला फार आवडते. तिचे उभे-आडवे होणारे पान आडवे असताना ती सुमारे २०० यार्डांसाठी लावलेली असते, त्यामुळे १०० यार्डांवर गोळी बरीच वर लागते. वाऱ्यासाठी बाजूला स्क्रू आहे. पान उभे केले की सरकपट्टी अंतराबरोबर किंचित डावीकडे सरकते, कारण फिरती गोळी उजवीकडे वाहवत जाते. १८८० च्या दशकातल्या शिपायाच्या हातात इतकी विचारपूर्वक घडवलेली वस्तू होती! २०० यार्डांवर पान आडवे ठेवून गोळ्या काळ्या वर्तुळात लागल्या, तो दिवस माझ्यासाठी सणाचा होता.

दस्त्यावर एसडब्ल्यूपी अशी तिरकी अक्षरे आणि १८८७ साल आहे. तो कारखान्याचे तपासनीस सॅम्युएल डब्ल्यू. पोर्टर यांचा शिक्का. कडा अजून टोकदार आहेत, म्हणजे दस्ता कोणी घासून चमकवलेला नाही. संग्रहासाठी घेणाऱ्यांनी नळीच्या आधी हा शिक्का पाहावा.

संग्रहात आता मॉडेल १८६८ आली आहे, ५०-७० ची. यादवी युद्धानंतर अमेरिकी सैन्याकडे ठासणीच्या बंदुकांचा प्रचंड साठा उरला होता. स्प्रिंगफिल्ड कारखान्याचे मुख्य कारागीर अर्स्किन ॲलिन यांनी नळीचे मागचे टोक वरून कापून तिथे पुढच्या बाजूला बिजागरी असलेला ब्लॉक बसवला. १८६६ च्या नमुन्यात ०.५८ च्या नळीत आतून दुसरी नळी बसवून व्यास ०.५० केला. याच नमुन्याच्या बंदुका २ ऑगस्ट १८६७ रोजी आजच्या वायोमिंगमधल्या फोर्ट फिल कर्नी या लष्करी ठाण्याजवळच्या वॅगन बॉक्स चकमकीत सैनिकांकडे होत्या. गज ठासायला लागणारा वेळ आता लागत नव्हता आणि मूलनिवासी लाकोटा योद्ध्यांना त्याची जबर किंमत मोजावी लागली. ते आपल्याच शिकारीच्या प्रदेशासाठी लढत होते, हे ही बंदूक हाताळताना मी विसरत नाही.

१८६८ च्या नमुन्यात नळी आणि रिसीव्हर (ब्लॉक बसतो तो मागचा भाग) वेगळे झाले आणि दोन्हींवर क्रमांक आले. माझ्या बंदुकीवरचे दोन्ही क्रमांक जुळतात. ब्लॉकची बिजागरी घट्ट आहे, खटका पूर्ण बसतो, पण फायरिंग पिन जुनी आणि झिजलेली दिसते. ती बदलून, चेंबरचा, म्हणजे काडतूस बसते त्या जागेचा, ठसा काढून मगच बार काढीन. कोणी आपल्या १८६८ ची नळी मोजली असेल तर आकडा जरूर कळवा, गोळीचा साचा मागवण्याआधी मला तो ताडून पाहायचा आहे.