खाडीचं घड्याळ

कोकणात भरतीची वेळ काढायला पाऊणकी पुरते. तिथी बघायची, तिची पाऊणपट करायची, उत्तर येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असली तर तीन वाजता, अष्टमीला सहाला, द्वादशीला नऊला. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. दिवसाला जी वेळ तीच थोड्या फरकाने रात्रीला, आणि भरतीनंतर सव्वासहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी, पूर्ण. शाळेतून पावकी-निमकी हद्दपार झाली तरी पाऊणकी किनाऱ्यावर टिकली ती याच कामासाठी.

हिशेब ढोबळ आहे, पण त्यातली चूक कुठे आहे हे ठाऊक असेल तर तो उत्तम चालतो. चंद्र रोज मागे पडतो, म्हणून भरतीही रोज मागे पडते. महिन्याच्या तीस तिथींत चोवीस तासांची एक फेरी पुरी होते, म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटं. पाऊणकी धरते ४५. दर तिथीला तीन मिनिटं खाल्ली जातात आणि पंधराव्या तिथीपर्यंत ती पाऊण तास होतात: पौर्णिमेला पाऊणकी सांगते सव्वाअकरा, चंद्राच्या हिशेबाने हवेत बारा. प्रतिपदेला पुन्हा एकपासून मोजणी सुरू, त्यामुळे चूक साठत जात नाही. पंधरवड्याला एकदा घड्याळ आपोआप लागतं.

शिवाय भरती सगळीकडे एकदम येत नाही. पश्चिम किनाऱ्यावर ती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. गोव्याला आधी, मग मालवण-रत्नागिरी, शेवटी मुंबई. गोवा आणि मुंबई यांच्यात तासाभराचं अंतर पडतं. म्हणून पाऊणकी सिंधुदुर्गात बरीच जुळते आणि मुंबईत अर्धा-पाऊण तास घाईची ठरते. जाता जाता पाणी उंचही होत जातं. उधाणाला गोव्यात भरती-ओहोटीतला फरक दोनेक मीटर, मुंबईत साडेचार-पाच, आणि खंबातच्या आखातात भावनगरला दहाच्या घरात. कारण समुद्राच्या तळाशी आहे. दक्षिणेला किनाऱ्यालगतचा उथळ मंच अरुंद आहे, मुंबईसमोर तो तीनशेक किलोमीटर रुंद होतो. उथळावर आलेलं पाणी उंचावतं, आणि पुढे आखाताच्या नरसाळ्यात त्याला पसरायला बाजूच उरत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे पाणी एका वेगाने चढत नाही. फरक तीन मीटरचा असेल तर पहिल्या तासात पाव मीटर, दुसऱ्यात अर्धा, तिसऱ्या आणि चौथ्यात प्रत्येकी पाऊण, मग पुन्हा अर्धा आणि शेवटी पाव. निम्मं पाणी मधल्या दोन तासांत येतं. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालत गेलेले लोक अडकतात ते इथेच. पहिल्या तासात पाणी हललंसुद्धा वाटत नाही, फोटो काढून होईपर्यंत तिसरा तास लागलेला असतो आणि घोट्याएवढं पाणी कमरेला येतं. त्यातही पौर्णिमेच्या सुट्टीला दुपारी बाराला किल्ल्याकडे चालत निघालेला माणूस पाहिला की हसू येतं. पौर्णिमा-अमावास्येला या किनाऱ्यावर दुपारी नेहमीच भरती असणार आणि पूर्ण सुकती सकाळ-संध्याकाळी सहाच्या आगेमागे. कालवं काढणाऱ्या बायका उधाणाच्या दिवसांत भल्या पहाटे कोयत्या घेऊन खडकांवर दिसतात ते उगाच नाही. सगळ्यात मोठं उधाण मात्र खुद्द पौर्णिमेला नसतं. एक-दोन दिवस उशिरा, प्रतिपदा-द्वितीयेला येतं. भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढ-उताराची भरती, तीही तशीच अष्टमी उलटून नवमी-दशमीला.

हे झालं समुद्राचं. खाडीत मात्र त्याला भागीदार आहे.

महाबळेश्वरच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसाची वाटणी अजब आहे. कृष्णेच्या वाट्याला गेलेला थेंब चौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळतो. सावित्रीच्या वाट्याचा थेंब कडा उतरून, शंभर-सव्वाशे किलोमीटरांत बाणकोटला अरबी समुद्रात. उंची दोघांनाही तेवढीच उतरायची असते. सावित्री त्यातली जवळजवळ सगळी पहिल्या काही कोसांतच उतरून टाकते आणि पोलादपूरच्या खाली आल्यावर तिला उतारच उरत नाही. महाडपर्यंत तर भरतीचं पाणी जाणवतं. कोकणातल्या बहुतेक नद्यांचा आराखडा हाच: अर्धी नदी धबधबा, अर्धी नदी खाडी, मधलं वय नाहीच.

याचा परिणाम दगडांत वाचता येतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते चौसष्टपट वजनाचा धोंडा ढकलू शकतं. हा आकडा आधी खोटा वाटतो, पण श्रावणातल्या एका रात्रीत कातळाचे हंडे पुलाखाली येऊन पडलेले पाहिले की पटतो. नियम उलटाही लागू आहे. वेग निम्म्यावर आला की सगळं मोठं ओझं तिथेच टाकलं जातं. म्हणून घाटाच्या पायथ्याशी धोंडे, थोडं खाली गोटे, मग वाळू, आणि खाडीच्या वळणांवर नुसता चिखल.

चिखलाची गंमत वेगळी. नदीच्या गोड्या पाण्यात मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना ढकलत तरंगत राहतात. नुसत्या संथपणाने ते लवकर खाली बसत नाहीत. लिटरला पस्तीसेक ग्रॅम मीठ असलेलं समुद्राचं पाणी त्यांत मिसळलं की ही दूर ढकलण्याची ताकद संपते, कण एकमेकांना चिकटतात, गुठळ्या होतात आणि जड होऊन तळाला जातात. चिखल पडतो तो म्हणून जिथे गोडं-खारं भेटतं तिथे. आणि ती जागा फिरती आहे. आषाढात नदी तिला मुखापर्यंत रेटते, चैत्र-वैशाखात ती कित्येक किलोमीटर आत सरकते. शिवाय खारं पाणी जड, ते खालून घुसतं. वरचं पाणी चाखून गोडं लागलं म्हणून पंपाचा फुटव्हॉल्व्ह तळाशी सोडला तर वाफ्यात मीठ जातं. उन्हाळ्यात खाडीकाठच्या विहिरी बिघडतात त्यालाही हाच जडपणा कारण आहे: वरून गोडं पाणी उपसलं की खालचं खारं वर चढतं.

पुराच्या वेळी मात्र या भागीदारीत भांडण होतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं त्या दिवशी आषाढ शुद्ध त्रयोदशी होती, उधाण तोंडावर आलेलं. दोष लगेच भरतीला दिला गेला. हिशेब करून पाहावा. तेराची पाऊणपट पावणेदहा, ही वेळ चिपळूणच्या वाशिष्ठी नदीच्या दाभोळच्या मुखावरची. तिथून चिपळूणजवळचं गोवळकोट खाडीने चाळीस-पन्नास किलोमीटर आत. चार मीटर खोल पाण्यात भरतीची लाट ताशी बावीसेक किलोमीटर पळते, म्हणजे गोवळकोटला भरती पोचायला दोन तास, दुपारचे जवळजवळ बारा. पाणी तर पहाटेच शहरात शिरलं होतं. पूर आणला रात्रभरच्या पावसाने. भरतीने तो उतरू दिला नाही, असं म्हणणं जास्त बरोबर. मुखावरची पातळी वर गेली की आधीच नाममात्र असलेला उतार आणखी कमी होतो, वरून येणारं पाणी थांबत नाही, मग ते आडवं पसरतं. वाशिष्ठीचा एक पदर तर माणसाने जोडलेला आहे. कोयनेचं पाणी निसर्गतः पूर्वेला कृष्णेकडे जाणारं. वीज करण्यासाठी सह्याद्री पोखरून ते पश्चिमेला उतरवलं, कृष्णा लवादाने त्यासाठी वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीची मर्यादा घातली, आणि वीज झाल्यावर ते वाशिष्ठीच्या खोऱ्यातच येतं. त्यामुळे पुराव्यतिरिक्तही ही नदी उन्हाळ्यात वाहती असते, हे कोकणात दुर्मीळच.

आता मुखाकडे. पावसाळ्यात नदी वाळू बाहेर लोटते, लाटा ती परत आत रेटतात, आणि दोघांची ताकद जिथे सारखी होते तिथे वाळूचा दांडा पडतो. तो कुठे आणि किती खोल आहे हे दर वर्षी बदलतं. नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या फेरीला जुने तांडेलही, म्हणजे होडीचे म्होरकेही, अंदाजाने न जाता पाणी बघत जातात. साधारणपणे लाटेच्या उंचीच्या सव्वापट खोली उरली की लाट फुटते, त्यामुळे फेसाची रेघ दिसली की दांडा कळला. मुखातून आत येण्याची सगळ्यात वाईट वेळ सुकतीची, विशेषतः वारा समुद्राकडून असताना. बाहेर पडणारा प्रवाह आणि आत येणारी लाट समोरासमोर आल्या की लाट आखूड आणि उभी होते, होडी मागून उचलली जाऊन आडवी फिरते. चढत्या भरतीचे मधले दोन तास त्या मानाने बरे. तळाला होडी टेकलीच तरी पुढचं पाणी तिला उचलतं. उतरत्या पाण्यात टेकलेली होडी पुढच्या भरतीपर्यंत तिथेच लाटा खाते.

पुळणीची, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूपट्टीची, वाळू वर्षभर जागेवर नसतेच. जून-जुलैच्या उंच, एकामागोमाग आदळणाऱ्या लाटा ती ओढून समुद्रात नेतात आणि किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर बुडत्या दांड्यासारखी रचून ठेवतात. सप्टेंबरनंतरच्या मंद लाटा तीच वाळू थोडी थोडी परत आणतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुळण पुन्हा रुंद. ऑगस्टमध्ये माडांची मुळं उघडी पडलेली पाहून लोक घाबरतात आणि धूपप्रतिबंधक बंधारा मागतात. कधी तो लागतोही. पण उभ्या दगडी भिंतीवर आदळलेली लाट परत फिरताना भिंतीच्या पायाखालची वाळू घेऊन जाते, दगड खाली खचतात, वरून नवे टाकावे लागतात. आणि भिंत जिथे संपते तिथून पुढच्या वाडीची धूप वाढते, कारण तिला मिळणारी वाळू आता भिंतीमागे अडकलेली असते. मग ती वाडीही बंधारा मागते.

मालवणजवळ देवबागला हे सगळं एका नजरेत दिसतं. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्ली खाडी, मधे वाळूची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर माड, घरं, रस्ता. कर्ली सह्याद्रीकडून सरळ पश्चिमेला येते आणि समुद्र हाकेवर असताना दक्षिणेला वळते, कारण वाळूची पट्टी तिच्या आड आली आहे. तिला वळसा घालून ती भोगव्यासमोर समुद्राला मिळते. अशी पट्टी सतत येत राहणाऱ्या वाळूवरच जगते. ती वाळू येणार नदीतून आणि शेजारच्या किनाऱ्यावरून. हातपाटीने, म्हणजे माणसाने बुडी मारून टोपलीने, काढलेली वाळू नदी एका पावसात बहुधा भरून देऊ शकते; सक्शन पंपाने पडलेला खड्डा भरून निघत नाही. तो भरायला वाळू वरच्या अंगाने आणि काठांतून ओढली जाते, काठावरची कलमं खाडीत जातात. वर धरण झालं की नवीन वाळू तिथेच अडते. किनाऱ्याची धूप मोजताना निम्म्या अधिकाऱ्यांची नजर समुद्राकडेच असते, हा आमचा जुना आक्षेप आहे.

वाळूच्या रंगावरूनही तिचं घर कळतं. रत्नागिरीच्या रत्नदुर्ग किल्ल्याच्या एका अंगाला पांढरा समुद्र, दुसऱ्या अंगाला मांडवीचा काळा. बेसाल्टचा आणि जड लोहखनिजांचा चुरा काळा, शिंपल्यांचा पांढरा. मालवणच्या दक्षिणेला गारगोटीचे जुने खडक आहेत, तिथली पुळण फिकी.

खाडीकाठच्या माणसाने भरतीशी केलेला सगळ्यात हुशार करार म्हणजे खारबंदिस्ती. पेण-अलिबागपासून गोव्यापर्यंत मातीचे बांध घालून खाजणं, म्हणजे भरतीचं पाणी चढणाऱ्या खाडीकाठच्या जमिनी, शेतीखाली आणली. बांधाला जागोजागी उघाडी, गोव्यात तिला मानस म्हणतात. दार वरून टांगलेलं, बाहेरच्या बाजूला उघडणारं. सुकतीला आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं, भरतीचं पाणी ते दाबून बंद करतं. माणूस लागत नाही, वीज लागत नाही. बिघाड होतो तो क्षुल्लक कारणाने. दाराच्या फटीत ओंडका अडकला की एका उधाणात शेत खारं. खेकड्याचं बीळ आरपार गेलं की बोटाएवढी धार सकाळपर्यंत खांड पाडते. एकदा मीठ शिरलं की पहिले दोन-तीन मोठे पाऊस नुसते धुण्यात जातात. पाणी भरायचं, मुरू द्यायचं, सुकतीला सोडायचं, आणि मगच पेरणी. भातही तसंच हवं: पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रातली पनवेल-१, २, ३ ही वाणं, गोव्यातलं कोरगुट.

गोव्यात मानशीच्या तोंडाला जाळं लावण्याचा हक्क लिलावाने जातो. आतलं पाणी सुकतीला बाहेर पडताना कोळंबी, मासळी जाळ्यात येते. अडचण अशी की भातापेक्षा मासळीला पैसा जास्त. आत जितकं खारं पाणी घ्याल तितकी मासळी जास्त, म्हणून दार गरजेपेक्षा जास्त वेळ उघडं राहतं, बांध आतल्या बाजूनेही भिजून ढासळतो आणि शेतात तिवर, म्हणजे खारफुटी, उगवते. तिवर एकदा मोठी झाली की कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे, ती तोडता येत नाही. म्हणून जाणते शेतकरी लिलावाच्या कागदात दार कुठल्या महिन्यांत बंद ठेवायचं ते लिहून घेतात, आणि त्या महिन्यांत रात्रीच्या भरतीला बॅटरी घेऊन बांधावर स्वतः चक्कर मारतात.