दार धरून उतरायचं

परवा गाडीचं दार गेलं. चोरीला नाही, वाऱ्याने. अगदी उडून नाही गेलं, पण बिजागरीतून असं उलटं वाकलं की परत लागेना. चिलेच्या दक्षिण टोकाच्या पुन्ता अरेनासला आल्या दिवशीच सांगतात: गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून उभी कर आणि दार दोन्ही हातांनी धरून उतर. तीन वर्षं मी ते पाळलं. पण तिएर्रा देल फुएगो बेटावर, पोर्वेनीरच्या पुढे, रस्त्याकडेला ग्वानाकोंचा कळप दिसला (उंटाचे बिनमदारीचे चुलतभाऊ समजा) आणि फोटोसाठी एका हातात मोबाइल घेऊन उतरलो. झालं.

वाऱ्यावर मी आधीही लिहिलंय, तरी पुन्हा लिहिणार. चाळकेवाडीच्या पठारावर नऊ वर्षं पवनचक्क्यांची देखभाल केली. आषाढात छत्री ही वस्तूच निरर्थक ठरवणारा तो वारा खाल्ल्यावर वाटायचं, आपल्याला वारा कळतो. इथे वसंत सुरू झाला की वाऱ्याचा हंगाम सुरू. झोत ताशी 100 किलोमीटरच्या वर जातात. गावात चौकाजवळ लोकांना धरायला दोर बांधतात आणि माझ्यापेक्षा दुप्पट वयाच्या आज्या तो दोर धरून बाजाराला जातात. माळावरची झाडं सगळी पूर्वेकडे झुकलेली, कुणीतरी कायमची ढकलून ठेवल्यासारखी. रात्री पत्रा वाजतो, सकाळी डोकं वाजतं. पण माझा पगार त्याच वाऱ्याचा आहे, त्यामुळे फार बोलता येत नाही.

तर दार मोडलेलं, रस्ता खडीचा, मोबाइलला रेंज नाही. पाऊण तास कोणी नाही. मग घोड्यावरून एकजण आला, मागे तीन कुत्रे. एस्तान्सिया म्हणजे मेंढ्यांची अफाट कुरणं. त्यांच्या एखाद्या टोकाच्या खोपटात एकटा राहणारा राखणदार, त्याला इथे पुएस्तेरो म्हणतात. त्याने दार पाहिलं, मला पाहिलं, खोगिरामागून एक जुना तंग (खोगीर आवळायचा पट्टा) काढला, दार आवळून बांधलं आणि हनुवटीने खोपट दाखवलं. आत माते दिला, म्हणजे इकडचा कडवट पानांचा चहा. एकच तुंबा, एकच नळी, आळीपाळीने. तासाभरात तो तीन वाक्यं बोलला. पहिलं, "वारा." दुसरं, "साखर नाही." तिसरं सांगतो पुढे.

मला आठवली चिलेचा कथाकार फ्रान्सिस्को कोलोआने याची गोष्ट. स्पॅनिश शिकवणाऱ्या बाईंनी दिलेला त्याचा 'तिएर्रा देल फुएगो' हा 1956 चा कथासंग्रह मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलाय. 'ला बोतेया दे कान्या' या कथेत बर्फाने झाकलेल्या माळावर दोन घोडेस्वार भेटतात आणि एकाच बाटलीतली दारू वाटून पितात. त्यातल्या एकाने पूर्वी याच बाजूला एका कातडी-व्यापाऱ्याला मारलंय, ते फक्त त्याला आणि आपल्याला माहीत. शेवट सांगत नाही. वाचताना मी बाईंना म्हणालो होतो, दोन माणसं उजाड माळावर भेटतात आणि इतकं कमी बोलतात, हे काही पटत नाही. आमचा धनगर असता तर गाव, पाहुणे, पोरं किती, सगळं निघालं असतं! बाई नुसत्या हसल्या.

कोलोआने हे लांबून बघून लिहीत नव्हता. 1910 साली चिलोए बेटावर केम्चीला जन्मला, तरुणपणी इथे येऊन एस्तान्सियावर राबला. 1964 साली चिलेचा राष्ट्रीय साहित्य पुरस्कार मिळाला. त्याची साहसकथा वाचताना वाघ-सिंहांची भीती वाटत नाही, शेजारच्या माणसाची वाटते. चिलोएचे मजूर लोकर कातरायच्या हंगामात बोटी भरून इकडे यायचे, आपल्याकडे बीडहून ऊसतोडीला निघतात तसे. पलीकडे अर्जेंटिनात 1921 च्या संपात सैन्याने जे मजूर गोळ्या घालून मारले त्यात हे चिलोटे बरेच होते. त्यांच्यातल्या एकाच्या मरणावर कोलोआनेची कथा आहे. आणि ज्या कुरणांसाठी सेल्कनाम लोकांना टिपून मारलं, त्याच जमिनीवर मी माते पीत होतो. चिलेने सेल्कनामांना मूळ निवासी म्हणून मान्यता दिली ती 2023 मध्ये. आपल्याकडच्या जातींवर मला इथे लेक्चर देणाऱ्यांना मी हे ऐकवतो. ऐकवल्यावर जरा बरं वाटतं, खोटं का बोलू.

एरवी एकटेपणा आला की मी सिंधी दुकानदारांकडे जातो. मंदिर आहे त्यांचं इथे. उल्हासनगरचं नाव काढलं की चहा येतो, चहाबरोबर प्रश्न येतात: लग्न, पगार, परत कधी जाणार? आईचेही तेच. म्हणून मी तिला आठवड्यातून एकदाच फोन करतो, कारण वेळेचा फरक साडेआठ तासांचा आहे. (हे कारण खरंच आहे.)

तर तिसरं वाक्य. निघताना मी पैसे काढले तेव्हा तो म्हणाला, "तंग परत आण." आईला सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "अरे, नाव तरी विचारलंस का त्याचं?" नाही विचारलं. त्यानेही नाही.

गाडीला नवीन दार बसलंय. तंग धुऊन, तेल लावून ठेवलाय, सोबत किलोभर माते आणि साखर. पण पोर्वेनीरची फेरीबोट कालपासून बंद आहे. वारा.