एवढी उंच, मग बुलेट का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून. तुमच्याआधी मावशीने विचारलं, पेट्रोल पंपावरच्या पोराने विचारलं, ऑफिसातले दोघं बुलेटवाले तर अजून विचारतात, तेव्हा आता एकदाच लिहून टाकते. प्रश्न असा की बाई तू पाच फूट अकरा इंच, पहिलीच मोटरसायकल घेत होतीस, पैसेही साठवले होतेस, मग तुला बुलेट शोभली असती की, ही हिरोची काटकुळी एक्सपल्स कशाला? शोभली असती म्हणे. गाडी काय पैठणी आहे का.

आधी आकडे. बुलेट ३५० ची सीट जमिनीपासून ८०५ मिलिमीटरवर, एक्सपल्स २०० फोर व्हॉल्व्हची ८२५ वर. म्हणजे उंच माणसाची म्हणून तुम्ही जी सुचवताय ती माझ्या गाडीपेक्षा बुटकी आहे. वजन बुलेटचं १९५ किलो, माझ्या गाडीचं १६० च्या आत. उंचीने पाय टेकतात, बास. गाडी एकदा एका बाजूला कलायला लागली की तिला सावरायला उंची कामाला येत नाही, मांड्या आणि पाठ लागते, आणि नवशिक्याची गाडी कलतेच, सिग्नलला कलते, पार्किंगमध्ये कलते, स्टँडखालची माती ओली असेल तर नुसती उभी राहूनही कलते. बुटक्या माणसाला हे सगळे समजावून सांगतात. मला कुणी सांगितलं नाही, का तर तुला काय, तुझे पाय टेकतात.

माझे पाय सगळ्याच गाड्यांवर टेकतात हो. म्हणूनच गाडी निवडताना त्याचा मला काडीचा उपयोग नव्हता. मला बघायचं होतं ते सीटपासून फूटरेस्टपर्यंतचं अंतर आणि हँडल पूर्ण वळवल्यावर मूठ कुठे येते, आणि हे दोन्ही मला तरी कुठल्या ब्रोशरमध्ये छापलेलं सापडलं नाही. मला हे कळलं कसं ते सांगते, नाहीतर पटायचं नाही.

पक्क्या लायसनची टेस्ट होती. कुठल्या आरटीओत ते सोडा, तिथल्या लोकांचा काही दोष नाही. गाडी मामेभावाची, शंभर सीसी, हँडल त्याने स्टाइल म्हणून खाली पाडून घेतलेलं. तो पाच फूट पाच, त्याला ती मस्त बसते. मीही संध्याकाळी मैदानात तिच्यावर टेस्टमधला तो इंग्रजी आठचा आकडा काढत होते आणि येतही होता, पण मैदान मोठं तसा माझा आठही मोठा, आणि ट्रॅकवरचा आठ चांगलाच आवळलेला. रांगेत पुढेमागे अठरा-एकोणीसची पोरं, मी चौतिशीची आणि त्या सगळ्यांत उंच, म्हणजे लपायचीही सोय नाही.

डावं वळण निघालं. उजव्याला हँडल अजून थोडं वळवलं आणि मूठ सरळ येऊन गुडघ्याला भिडली. सीट खाली, फूटरेस्ट जवळ, त्यामुळे माझे गुडघे टाकीच्याही वर येऊन बाहेर फाकलेले. आता एक तर हँडल सरळ करायचं, म्हणजे आखलेल्या रेषेबाहेर, नाहीतर गुडघा बाहेर काढायचा, म्हणजे मागच्या ब्रेकवरचा पाय उचलायचा. मी गुडघा काढला, काढताना मुठीला पीळ बसला, रेस वाढली, गाडीने पुढे उडी मारली आणि मी हँडल वळलेलं असतानाच पुढचा ब्रेक दाबला. मग काय होतं ते गाडी चालवणाऱ्यांना माहितीय. गाडी उजवीकडे आडवी, खाली माझा पाय, पायावर सायलेन्सर, आणि मी घातलेली पातळ लेगिंग. पोटरीवर तो डाग अजून आहे, तळहाताएवढा.

उचलायला दोघं धावले. मामेभाऊ पण धावला, त्याने आधी इंडिकेटर बघितला. टेस्ट घेणारे साहेब म्हणाले, "मॅडम, एवढे लांब पाय आहेत, टेकवले तर फेल आणि नाही टेकवले तर पडताय, मी करू काय तुमचं?" रांग हसली. ते वाईट मनाने बोलले नव्हते, पण त्या दिवशी मला ते सायलेन्सरपेक्षा जास्त लागलं. नियमाने सात दिवसांनी परत टेस्ट देता येते. आई म्हणाली, कशाला परत, स्कूटी घे. रात्री बर्नॉल लावताना मलाही वाटत होतं की आपलं शरीरच या कामाचं नाही, लोक म्हणतात ते बरोबर आहे.

हे डोक्यातून काढलं आमच्या गल्लीतल्या मेकॅनिकने. वाकलेला फूटरेस्ट सरळ करायला गाडी नेली तर म्हणाला, बसा ताई वर. बसले. हँडल फिरवा. फिरवलं, मूठ गुडघ्यात. म्हणाला, "गाडी लहान पडतीय तुम्हाला. यात तुमचं काय चुकलं?"

पुढची टेस्ट मैत्रिणीच्या उंच हँडलच्या गाडीवर दिली, निघाली. मग शोरूममध्ये गेलं की माझं ठरलेलं, सीटवर बसायचं, सेल्समनला मागून गाडी धरायला सांगायची, दोन्ही पाय फूटरेस्टवर आणि हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत. एका ठिकाणी तो मुलगा माझ्या भावाशीच बोलत राहिला, मायलेज सर, डाउनपेमेंट सर. भाऊ म्हणाला, मला काय सांगतोस, मी हिच्या मागे बसणारे.

आता खरं सांगते, बुलेटवर गुडघे अडले नाहीत. बसायलाही झकास वाटली. कॉलेजातली मी, जी गॅदरिंगला येणाऱ्या बुलेटींच्या मागे बघत बसायची आणि पहिली गाडी हीच म्हणून मैत्रिणींशी पैज लावायची, ती आतून ओरडत होती की घे, घे. पण गाडी शोरूमच्या दारात उतारावर उभी होती, तोंड उताराकडे, आणि मला ती बसल्या बसल्या मागे घ्यायची होती. दोन्ही टाचा जमिनीला पूर्ण टेकलेल्या, आणि गाडी तसूभर हलेना. साताऱ्यात राहून उतार टाळायचा कसा? राजवाड्याकडे जा नाहीतर बोगद्याकडे, चढ आहेच, आमच्या बिल्डिंगचं पार्किंगसुद्धा उतरतं. ती कॉलेजवाली म्हणते ताकद येते की हळूहळू, सगळ्यांना येते. येत असेल. पण येईपर्यंत रोज सकाळी वॉचमनकाकांना हाक मारायची का, हे ती सांगत नाही.

एक्सपल्सवर पाय मोकळे राहतात, हँडल लांब आणि वर आहे, फूटरेस्टवर उभं राहिलं तरी वाकावं लागत नाही. बूट गिअरखाली नीट जात नव्हता, तर त्याच मेकॅनिकने दहा नंबरचा पाना लावून गिअरचा दांडा शाफ्टवर एक दात वर चढवून दिला, पाच मिनिटांचं काम. अर्थात दोनशे सीसी ती दोनशे सीसीच, पुण्याहून येताना खंबाटकी घाटात मागे भाऊ असेल तर गिअर पाडत चढावं लागतं आणि शेजारून बुलेट डुगडुगत आरामात निघून जाते, तेव्हा मी तिकडे बघत नाही असं म्हणणार नाही. आणि हिमालयन ४५० वर, म्हणजे बुलेटवाल्या कंपनीच्याच दुसऱ्या गाडीवर, बसून आलेय. सीट माझ्या गाडीएवढीच, ८२५, वजन १९६, म्हणजे बुलेटच्याही वर एक किलो, तरी मला ती हवीशी वाटली, मग वर मी वजनाचं एवढं काय सांगत बसले?

आणि आई माझ्या मागे बसत नाही. बसते, पण गाडी कट्ट्याला लावली तरच, नाहीतर तिचा पाय वरून जात नाही. म्हणते, पुढची घेशील तेव्हा आधी मला बसवून बघ. त्या हिशोबाने बुलेटच येते.