टकटक

मे महिन्यातली दुपारी तीनची वेळ. जळगावात नेरी नाक्याकडच्या एका दुकानात मी सिंकावर बोटाच्या पेराने टकटक करत उभी होते. माठ घेताना करतो तसं. दुकानदार बघायला लागला तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण हे करतोय. पहिलं सिंक तेलाच्या रिकाम्या डब्यासारखं वाजलं. दुसरं जरा कमी. तिसऱ्याने आवाज गिळूनच टाकला.

"त्याला खालून रबरी पॅड आहे," दुकानदार म्हणाला. "पाणी पडलं तरी आवाज नाही."

मला हेच हवं होतं. रात्री दीड वाजता पत्र्यावर थेंब पडायला लागला की मला झोप येत नाही. घरातल्या बाकी कुणाला तो ऐकूसुद्धा येत नाही. मी उठते, नळाखाली फडकं ठेवते आणि परत येऊन पडते. मग फडक्यावर पडणारा थेंब ऐकू येतो.

तर, मागच्या अंगणात धुण्याभांड्यांची जागा नीट करायची होती. आतापर्यंत तिथे कोबा, एक नळ आणि बादल्यांची गर्दी. माझे गुडघे आता खाली बसू देत नाहीत, म्हणून उभ्याने वापरता येईल असं मोठं सिंक घ्यायचं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. आणि घ्यायचंच आहे तर देखणं घेऊ, असंही मीच ठरवलं. मागच्या दाराची वस्तू म्हणजे कशीही चालते, हा आपल्याकडचा नियम मला कधी पटलेला नाही. बैठकीतल्या सोफ्यावर आपण वर्षातून किती वेळा बसतो? मोरीत रोज जातो.

पुण्याहून लेकीने फोनवर काळ्या क्वार्ट्झ सिंकांचे फोटो पाठवले. दिसायला राजबिंडी. पण आमच्या बोअरच्या पाण्याने काळ्यावर दोन दिवसांत पांढरी नक्षी उमटते, ती लिंबू घासून घासून काढायची. माझं उरलेलं आयुष्य लिंबं पिळण्यात घालवायची माझी तयारी नव्हती. म्हणून स्टील.

स्टीलच्या बाबतीत आमच्या घरात अधिकारी माणूस आहे. नवरा भुसावळला रेल्वेच्या वर्कशॉपमधून रिटायर झाला आहे. दुकानदाराने गल्ल्यातून लोहचुंबक काढलं, सिंकाला लावलं, ते घसरून पडलं. "बघा, चिकटत नाही. अस्सल 304 ग्रेडचं स्टील." यांनी चष्मा वर केला. "भाऊ, 202 ला पण नाही चिकटत. निकेल कमी करून त्यात मँगनीज घालतात. 304 मध्ये 18 टक्के क्रोमियम, 8 टक्के निकेल. हे चुंबकाला कसं कळणार?" दुकानदाराने चुंबक परत गल्ल्यात टाकलं आणि चहा मागवला. चहा येईपर्यंत गेजवर व्याख्यान झालं. आकडा वाढला की पत्रा पातळ, 16 गेज जाड आणि 20 गेज बारीक. हे उलटं कुणी ठरवलं, असं मी विचारलं. त्याचं उत्तर काही मिळालं नाही.

मी तोवर तिसऱ्या सिंकात हात घालून उभी होते. दहा इंच खोल. तळ गुळगुळीत आणि जाळीकडे हलका उतार. त्या उताराने मला कुठल्या कुठे नेलं.

चोपड्याकडच्या आमच्या घरी मागे कडुनिंबाखाली मोरी होती. तिथे धुण्याचा काळा दगड. मोठ्या मायच्या सासूच्या वेळचा, असं सगळे सांगायचे. आपटून आपटून त्याच्या मधोमध खळगा पडला होता. धुणं झालं की खळग्यात ओंजळभर पाणी राहायचं आणि दुपारी त्यावर चिमण्या यायच्या. मोरीचं पाणी एका चरीतून अळूला जायचं आणि अळूतून उरलं तर कढीपत्त्याला. माझ्या हातून तांब्याभर पाणी कोब्यावर सांडलं की मोठी माय ओट्यावरून ओरडायची, "आठे पानी कसाले सांडस व?" तापी चार कोसांवर भरून वाहत असली तरी तिचं हे चालूच.

त्या दगडावर दोन ढीग पडायचे. एक घरातल्यांच्या कपड्यांचा, दुसरा दादांच्या केळीच्या कपड्यांचा. केळीचा चीक अंगावर पडतो तेव्हा पाण्यासारखा असतो, दिसतही नाही. वाळला की तपकिरी होतो, मग काळा, आणि मग सोडा घाला, लिंबू घाला, तो जात नाही. दादांचा एक सदरा होता, मूळचा पांढरा. उजव्या खांद्यावर, घड वाहायच्या जागी, मोठा काळपट डाग आणि त्यातून छातीवर उतरलेले ओघळ. मायला माहीत होतं की तो निघणार नाही. तरी दर वेळी ती तो खांदा दगडावर पसरायची, साबण लावायची आणि मुठीने दोनदा घासायची. दोनदाच. मग पिळून टाकायची. मी एकदा विचारलं, जात नाही तर घासतेस कशाला? "सदरा धुतला असं वाटाले पाहिजे ना," ती म्हणाली.

घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा मी कपाट, पितळी घंगाळ, असलं काय काय मागितलं. दगडाची आठवण कुणालाच झाली नाही. मलाही नाही. आता तिथे पार्किंगची फरशी आहे.

"ताई, पॅक करू?" दुकानदाराने विचारलं. कर म्हटलं.

चार दिवसांनी गवंडी आला. ओटा 34 इंच उंच बांधला, माझ्या मापाने. मोठी बादली मावेल असा उंच वळलेला नळ लागला. खाली पाण्याचं बूच धरणारा वाकडा पाइप, म्हणजे ट्रॅप, बसवला, म्हणजे गटारीचा वास वर येत नाही. "पाइप गटारीत सोडू ना?" प्लंबरने विचारलं. कढीपत्ता डाव्या हाताला तीन फुटांवर उभा होता. साबणाचं, पावडरीचं पाणी, झाड जळेल, असं काहीतरी मीच बोलले आणि पाइप गटारीत गेला. संध्याकाळी मी नळ सोडून कान लावला. आवाज नाही. सिंक नुसतं चमकत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांड्यांच्या मावशी आल्या. पदर खोचून सिंकासमोर उभ्या राहिल्या. मावशींची उंची पावणेपाच फूट. सिंकाची कड त्यांच्या बरगड्यांना लागत होती, आणि तळातली वाटी घ्यायला त्यांना टाचा उचलाव्या लागल्या. तीन आठवडे मी गेज, निकेल आणि आवाज बघत होते, आणि हे माप घ्यायला मावशी रोज घरातच होत्या.

"छान आहे हो ताई," त्या म्हणाल्या. "एकदम हाटेलसारखं. खराब नको व्हायला."

मग त्यांनी नेहमीचा पाट ओढला, सिंकाखालच्या कोब्यावर बसल्या, बादलीत पाणी घेतलं आणि भांडी घासायला लागल्या.

सध्या सिंकात आंबे भिजत घातलेत.