साचा अजून तीन किलो ओला

मोठ्या बस्टचं फायबर, म्हणजे प्लास्टरच्या साच्यात रेझिन आणि काचतंतूंनी काढलेली प्रत, बिघडलं. मागच्या नोंदीत साचा कोरडा झाल्याचं लिहिलं होतं, ते चूक होतं. स्टुडिओतलं प्रदर्शन तीनच दिवसांचं आहे आणि हाताशी नऊ दिवस उरलेत, म्हणून झालं ते सविस्तर लिहितोय.

काल वेस्ट मोल्ड, म्हणजे एकदाच वापरून फोडायचा साचा, फोडला. नीळ घातलेला आतला थर दिसला तशी छिन्नी हलकी केली. कपाळ, नाक, गाल सुरेख निघाले, नाकपुडीची कडसुद्धा शाबूत आहे. पण हनुवटीखाली आणि कानांमागे जेलकोट, म्हणजे साच्याला लागून असलेला रेझिनचा पहिला थर, काकवीसारखा चिकट. बोट टेकवलं की ठसा उमटतो, आणि प्लास्टरचा चुरा त्यात रुतून बसलाय. त्यामागची काचतंतूंची मॅट मात्र ठणठणीत कडक.

यावरूनच कारण कळतं. दोन्ही बाजू चिकट असत्या, तर हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारं रसायन, कमी पडला किंवा जुना निघाला म्हणायचं. फक्त हवेकडची बाजू चिकट राहणं नेहमीचंच; ऑक्सिजनमुळे वरचा पापुद्रा पूर्ण पकत नाही, अ‍ॅसिटोनने पुसलं की काम भागतं. पण साच्याकडची बाजू चिकट आणि मागची कडक असेल, तर साच्यात पाणी आहे. त्यातही जिथे प्लास्टर जाड तिथेच बिघडलंय: हनुवटीखाली अडीच इंच, कपाळावर जेमतेम एक.

आता हिशेब बघा. १२ किलो प्लास्टरला किलोमागे ७०० मिली, म्हणजे ८.४ लिटर पाणी घातलं होतं. घट्ट होताना प्लास्टर स्वतःच्या वजनाच्या सुमारे १८.६ टक्के पाणीच धरून ठेवतं, इथे सव्वादोन लिटर. उरलेलं सहा लिटरहून जास्त पाणी नुसतं छिद्रांत असतं, ते उडून जायलाच हवं. काथ्या आणि कांबी वगळून कोरडा साचा १४ किलो २०० ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. फोडलेले सगळे तुकडे काट्यावर ठेवले, तर १७ किलो १००!

गालाला लावून गार लागतो का बघायची खूण इथे फसली. गारवा लागतो तो पाणी उडत असतं म्हणून. कोल्हापूरच्या श्रावणात हवाच इतकी दमट असते की पाणी उडतच नाही. साचा खोलीइतकाच उबदार लागतो आणि कोरडा वाटतो. वर शेलॅकचे, म्हणजे लाखेच्या वार्निशचे, तीन हात दिले की पाणी आत कोंडतं. रेझिन पकताना तापलं की तेच वाफ होऊन जेलकोटला भिडतं. शेलॅकवर पांढुरके डाग आले होते, तिथेच थांबायला हवं होतं.

डागडुजी अशी: चिकट भाग तारेच्या ब्रशने पूर्ण खरवडायचा, अ‍ॅसिटोनने पुसायचा, ८० नंबरच्या पेपरने खडबडीत करायचा आणि टाल्क घातलेली रेझिन पुट्टी भरून फाइलने आकार काढायचा. किलोभर रेझिनला १५ मिली कोबाल्ट (पकणं वेगात आणणारं द्रावण), ते पूर्ण ढवळून झाल्यावरच १५ मिली हार्डनर. ही दोन एकमेकांत थेट कधीच मिसळू नयेत, भडका उडतो. माप सिरिंजने घ्या, दोन्हींना वेगवेगळी. बाटलीच्या झाकणाने मोजायची सवय मला अजिबात पटत नाही.

दुसऱ्या साच्यासाठी, म्हणजे बसलेल्या म्हशीच्या, प्लास्टिकचा तंबू केलाय. खाली १०० वॅटचे दोन बल्ब, बाजूला छोटा पंखा, वर वाफ जायला वीतभर भोक. भोक नसेल तर आत नुसतं उकडतं, साचा तसाच ओला. तापमान ४५ अंशांपुढे नेत नाही. ६०च्या वर प्लास्टरमधलं बांधलेलं पाणीही सुटायला लागतं आणि पृष्ठभाग भुसभुशीत होतो. नुसत्या पंख्यावर दिवसाला दीडशे ग्रॅम उतरत होतं, तंबूत साडेसहाशे. रोज सकाळी वजन, सलग दोन दिवस काटा हलला नाही की मगच शेलॅक. इथल्या बापट कॅम्पात मूर्तिकार गणपती सुकवायला हॅलोजन लावतात, पण साच्याच्या इतक्या जवळ हॅलोजन मला धोक्याचा वाटतो.

तिसरा साचा, मडकेवालीचा, तंबूत घालायचा होता. हे लिहितानाच बेत बदलला. त्यात फायबर कशाला? प्लास्टरच ओतायचं. प्लास्टरला साचा ओलाच लागतो. कोरडा असेल तर तो नव्या प्लास्टरमधलं पाणी शोषतो आणि चिकटून बसतो. म्हणजे साचा पाण्याने तुडुंब भिजवायचा, साबणाचे तीन हात, जादाचा फेस पुसून घ्यायचा, आणि पाऊण इंच जाडीचं पोकळ कास्टिंग काढायचं. पातळ असल्याने ते दोन्ही बाजूंनी सुकेल. रंगाला शेलॅक नको, ओल्यावर पुन्हा पांढुरकं पडेल. डिंकाच्या पाण्यात गेरू कालवून पातळ हात दिला की टेराकोटासारखं दिसेल.

फक्त वजन वाढेल, त्यामुळे ही मूर्ती माडीवरच्या लाकडी तक्तपोशीवर नाही, खाली दाराशी. तिचा पेडेस्टल १२ मिमी प्लायचा, तळाशी वाळूची २० किलोची गोणी. आर्मेचरच्या, म्हणजे आतल्या सांगाड्याच्या, कांबी उद्यमनगरात हव्या तशा वाकवून मिळाल्या, पेडेस्टलच्या तळपट्ट्याही तिथूनच कापून आणतोय. साबणाचा पहिला हात आज रात्री.